रविवारची सायकल, तलावाचा काठ आणि एक संशोधन प्रश्न

सोलापूरला समुद्र नाही. समुद्र बघायचा तर सह्याद्री ओलांडून कोकणात उतरावं लागतं. पण काठ मात्र आपल्याकडे आहेत. गावाच्या मधोमध सिद्धेश्वर तलाव, विजापूर रस्त्याला कंबर तलाव (आताचा धर्मवीर संभाजी तलाव) आणि तुळजापूर रस्त्याला हिप्परग्याचा एकरुख तलाव. समजा, येत्या रविवारी सकाळी तुम्ही घरच्यांना घेऊन सायकलवर निघालात. धाकटी बहीण पुढे, आई-वडील मागे, कुणालाच घाई नाही. सिद्धेश्वराच्या काठावर थांबायचं, किल्ल्याच्या तटाकडे बघत चहा प्यायचा आणि ऊन तापायच्या आत घरी यायचं.

आता मला सांगा, यात इतिहास कुठे आहे?

पेट पास झाल्यावर बहुतेक जण 'मोठा' विषय शोधायला लागतात. राजा, लढाई, चळवळ, एखादी संस्था. फुरसत हा विषय कुणाच्या डोक्यात येत नाही, कारण ती सगळ्यांना आपोआप मिळालेली गोष्ट वाटते. पण वरच्या त्या साध्या सकाळीला तीन गोष्टी लागतात: काठ, सायकल आणि रविवार. तिन्ही कुणीतरी, कधीतरी, कशासाठी तरी घडवल्या. आपण एकेक करून बघू.

काठ कुणी केला?

आपले हे काठ निसर्गाने दिलेले नाहीत. सिद्धेश्वर तलावाचं नातं बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांशी सांगतात. ते बसवेश्वरांच्या काळातले शरण. त्यांनी अनुयायांना सोबत घेऊन तलाव खोदला, अशी परंपरा आहे. पुढे तलावाशेजारी भुईकोट किल्ला उभा राहिला आणि किल्ल्याची एक बाजू तलावाच्या पाण्याने राखली. म्हणजे एकच पाणी तहानेचं, भक्तीचं आणि संरक्षणाचंही झालं.

इथे संशोधक म्हणून जरा थांबा. 'परंपरा सांगते' आणि 'पुरावा सांगतो' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. पहिलं वाक्य टाकून द्यायचं नसतं, फक्त ते कुठल्या प्रकारचं आहे हे लिहून ठेवायचं असतं. सिद्धरामेश्वरांची वचनं कन्नडमध्ये आहेत. तेव्हा सोलापूरच्या मध्ययुगावर काम करायचं असेल तर मराठीवर भागणार नाही.

आणखी एक बघा. शहराभोवती सिद्धरामेश्वरांनी स्थापलेली मानली जाणारी ६८ लिंगं आहेत. गड्ड्याच्या यात्रेत, संक्रांतीच्या सुमारास, नंदीध्वजांची मिरवणूक या लिंगांना तैलाभिषेक करत शहरभर फिरते. घरच्यांना घेऊन सावकाश गावाला फेरी मारायची ही सवय सायकलपेक्षा कितीतरी जुनी आहे.

एकरुखची गोष्ट वेगळी. अदिला नदीवरचं हे मातीचं धरण ब्रिटिश काळात, १८७१ मध्ये पूर्ण झालं. लांबी सुमारे २,३६० मीटर, उंची साधारण २१ मीटर. उद्देश सिंचनाचा, कारण हा मुलूख कायमचा अवर्षणाचा. धरण होऊन पाच वर्षं झाली आणि १८७६ ते १८७८ चा मोठा दुष्काळ आला. सोलापूर जिल्हा त्यात होरपळून निघाला. पुढे या तलावाचं पाणी शहराला प्यायलाही आलं. हिवाळ्यात आपण जिथे पाहुणे पक्षी बघायला जातो, तिथे पाण्याखाली कुणाची तरी शेतं आहेत. ती कुणाची, त्यांना काय मिळालं, ते कुठे गेले? काठावर उभं राहून हे दिसत नाही. ते महसुली दप्तरात शोधावं लागतं.

सायकल कुठून आली?

आज आपण चालवतो त्या घडणीची, म्हणजे दोन सारख्या चाकांची आणि साखळीने मागचं चाक फिरवणारी सायकल इंग्लंडमध्ये १८८५ च्या सुमारास बाजारात आली. जॉन स्टार्लीची 'रोव्हर' ही तिची ओळख. १८८८ मध्ये डनलॉपने हवेचा टायर काढला आणि हाडं खिळखिळी करणारं हे वाहन बसण्यासारखं झालं. भारतात ती आधी साहेबांची, मग वकील-डॉक्टर-कारकुनांची. बरीच वर्षं ती परदेशातूनच यायची. स्वातंत्र्याच्या आसपास इथले कारखाने सुरू झाले: १९४९ मध्ये मद्रासला टीआय सायकल्स, १९५१ मध्ये सोनीपतला ॲटलास, १९५६ मध्ये लुधियानाला हिरो. त्यानंतर कुठे सायकल कामगाराच्या आवाक्यात यायला लागली.

पण 'आवाक्यात' म्हणजे घरात एक. दांडीवर पोरगं, कॅरिअरवर बायको, हँडलला पिशवी, अशी सगळ्या घराची मिळून एक सायकल. शिवाय नगरपालिकेचा बिल्ला लावायचा, रात्री दिवा हवा आणि डबलसीट दिसलं की पोलीस अडवणार. आजोबांना विचारा, बिल्ला नसताना गल्लीबोळातून कसे निसटायचे ते रंगवून सांगतील. पोरं शिकायची ती तासावर भाड्याने घेतलेल्या सायकलवर, दांडीच्या खालून पाय घालून. आणि आजीला विचारा, तुम्ही सायकल शिकलात का? या प्रश्नाचं उत्तर पुष्कळ घरांत वेगळं येईल. तो फरक वहीत लिहून ठेवा.

रविवार कुणी दिला?

सोलापूरला रेल्वे १८६० मध्ये आली. पहिली कापड गिरणी, आपण जिला जुनी मिल म्हणतो ती, १८७७ मध्ये सुरू झाली. भोंग्यावर चालणारं शहर तिथून घडत गेलं. भोंग्याच्या शहरात सुट्टी ही मागून घ्यायची गोष्ट असते.

मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांच्या सभा घेऊन आठवड्याच्या सुट्टीची मागणी मांडली. १८९० मध्ये मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली आणि १८९१ च्या फॅक्टरी कायद्यात आठवड्याची सुट्टी आली. पण सुट्टी मिळाली तरी दिवस लांबच होता. १९११ च्या कायद्याने कापड गिरणीतल्या पुरुषांना दिवसाला १२ तासांची मर्यादा घातली. १९२२ मध्ये ती ११ तास आणि आठवड्याला ६० झाली, १९३४ मध्ये १० आणि ५४, १९४६ मध्ये ९ आणि ४८. रविवारी सकाळी अंगात सायकल मारण्याइतकं त्राण उरणं, याच्यामागे हे आकडे आहेत.

दर वर्षी १० जूनला मोबाईलवर एक मेसेज फिरतो: 'आजच्या दिवशी लोखंड्यांमुळे भारताला रविवारची सुट्टी मिळाली.' लोखंड्यांचं मोठेपण खरंच आहे. पण 'भारताला' हा शब्द तपासा. मिळाली ती मुंबईच्या गिरण्यांना. कायद्याने पुढे ती कारखान्यांना दिली, तीही कायद्याच्या व्याख्येत बसणाऱ्या कारखान्यांना. मेसेजमधला एक शब्द असा पकडून 'नेमकं कुणाला?' असं विचारलं की संशोधन सुरू होतं.

ज्यांचा रविवार झाला नाही

सोलापुरात हा प्रश्न दोन ठिकाणी फार टोचतो.

एक म्हणजे सेटलमेंट. १९११ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानंतर मुंबई इलाख्यात पारधी, कैकाडी अशा जमातींना ठेवण्यासाठी वसाहती झाल्या, त्यातली मोठी वसाहत सोलापूरची. इथली माणसं गिरणीत कामाला जायची, पण राहायची तारेच्या कुंपणात. हजेरी द्यायची आणि बाहेर जायचं तर पास लागायचा. फॅक्टरी कायद्याने त्यांनाही सुट्टी होती. पण सुट्टीच्या दिवशी तलावाच्या काठी फिरायला जायची मोकळीक त्या कायद्यात नव्हती आणि दुसऱ्या कायद्याने ती काढून घेतली होती. देशभर हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला. म्हणजे एकाच खात्यात शेजारी-शेजारी उभ्या असलेल्या दोन कामगारांचा रविवार सारखा नव्हता. वेळ मिळणं आणि मोकळीक मिळणं या दोन गोष्टी वेगळ्या मोजाव्या लागतात, हे मला या उदाहरणाने शिकवलं.

दुसरं ठिकाण म्हणजे पूर्व भागातली बिडी कामगार बाई. पुरुष मिलमध्ये किंवा मागावर, बाई घरी सूप मांडीवर घेऊन बिड्या वळणार. मजुरी हजार बिड्यांमागे. १९६६ चा बिडी आणि सिगार कामगार कायदा (२०२५ पर्यंत लागू असलेला) घरी काम करणाऱ्यांनाही कामगार मानायचा, हे त्याचं मोठेपण. पण त्यातलं आठवड्याच्या सुट्टीचं कलम कामाची जागा एक दिवस बंद ठेवायला सांगायचं. जिचं घर हीच कामाची जागा, तिने काय बंद करायचं? नग मोजून मजुरी असली की रविवार म्हणजे बुडालेली मजुरी, आणि त्यात आठवड्याचं धुणं वेगळं. त्या घरातला बाप पोरांना सायकलवर फिरवायला न्यायचा, तेव्हा आई कुठे होती, हा प्रश्न भावनेचा वाटेल, पण तो इतिहासाचाच आहे.

मग सिनॉप्सिस कसा करायचा?

'सोलापुरातील फुरसतीचा इतिहास' असं शीर्षक घेऊन गेलात तर गाईड परत पाठवतील, आणि बरोबर करतील. काळ बांधा, माणसं बांधा, जागा बांधा. उदाहरणार्थ, '१९४८ ते १९८० मधील सोलापुरातील गिरणी कामगार आणि बिडी कामगार कुटुंबांचा सुट्टीचा दिवस'. आता प्रश्न हातात मावतो.

साधनं कुठली? फॅक्टरी कायद्याच्या अंमलबजावणीचे वार्षिक अहवाल, गॅझेटियर, नगरपालिकेचं सायकल बिल्ल्यांचं दप्तर मिळालं तर सोनंच, जुन्या वर्तमानपत्रांतल्या सायकलींच्या जाहिराती आणि घरोघरचे फोटो अल्बम. फोटोत कोण सायकलवर बसलंय, कोण नुसतं धरून उभं आहे, हे बघा. सगळ्यात महत्त्वाच्या मुलाखती. त्यासाठी तेलुगू येणारी मैत्रीण सोबत घ्या, कारण पूर्व भागातल्या आजी मनातलं तेलुगूत बोलतात. सेटलमेंटमधल्या घरांत जाताना आधी ओळख करून घ्या, परवानगी घ्या, आणि 'गुन्हेगार' हा शब्द तुमचा नाही, कायद्याचा आहे, हे लिहिताना प्रत्येक वेळी दिसू द्या.

एक धोकाही सांगतो. आपल्याला काठ आवडतो, सायकल आवडते, म्हणून जुना रविवार गोड रंगवायचा मोह होतो. मुलाखत देणाऱ्यालाही तो होतो. म्हणून 'पूर्वी किती छान होतं' असं कुणी म्हणालं की हळूच विचारायचं, 'त्या दिवशी घरी कोण थांबलं होतं?'

येत्या रविवारी जा खरंच. हिप्परग्याकडे जाणार असाल तर हायवेवर ट्रक असतात, पोरांना कडेने ठेवा. काठावर बसलात की घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला एवढंच विचारा: तुम्हाला पहिली सुट्टी कधी मिळाली आणि त्या दिवशी तुम्ही काय केलंत? उत्तर मध्येच तोडू नका. घरी आल्यावर तारीख टाकून लिहून काढा. तुमच्या संशोधनाचं पहिलं साधन तयार झालं.