नको म्हणणारा शेतकरी

कुठल्याही मोठ्या कंपनीचा वार्षिक अहवाल उघडून बघा. मधल्या पानांवर शाळेला दिलेले बाक, रक्तदान शिबिर आणि रोप लावणाऱ्या साहेबांचा फोटो असतोच. २०१३ च्या कंपनी कायद्यात यासाठी १३५ वं कलमच आहे. ठरावीक आकारापेक्षा मोठ्या कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले निदान २ टक्के समाजकार्यावर खर्च करायचे, असा तो नियम. १ एप्रिल २०१४ पासून तो लागू आहे. चांगलंच आहे. त्या बाकांवर मुलं बसतात, त्या रक्ताने माणसं वाचतात. नाव ठेवण्यासारखं त्यात काही नाही.

पण मला नेहमी प्रश्न पडतो तो उरलेल्या ९८ टक्क्यांचा. म्हणजे असं, की नफा मिळवताना जे काही केलं, त्यात समाजाचं भलं झालं की नाही, हे कोण बघणार? कारखाना समाजाच्या उपयोगी पडतो तो देणगी देताना, की रोजचं काम करताना?

याचं उत्तर शोधताना मी फिरून फिरून एका रेल्वे स्टेशनाशी येतो. मिरज-पुणे मार्गावर भिलवडी आणि ताकारीच्या मधे किर्लोस्करवाडी लागते. आमच्याकडच्या मंडळींनी या स्टेशनावरून शेकडो वेळा प्रवास केला असेल. पण हे गाव मुळात गाव नव्हतंच. पूर्वी या स्टेशनाचं नाव कुंडल रोड होतं आणि आजूबाजूला निवडुंगाचं रान.

गोष्ट बरीचशी माहितीची आहे, तरी थोडक्यात सांगतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. चित्रकार व्हायचं म्हणून ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. तिथे कळलं की डोळ्यांना काही रंग नीट ओळखू येत नाहीत. मग रंगांचा नाद सोडून ते यंत्रांची रेखाचित्रं काढायला शिकले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवूही लागले. पुढे ती नोकरी सोडून बेळगावला आले आणि थोरले बंधू रामूअण्णांबरोबर सायकलींचं दुकान काढलं. सायकली विकायच्या, दुरुस्त करायच्या, लोकांना चालवायला शिकवायच्या. त्यातून कडबा कापायचं यंत्र आलं आणि मग लोखंडी नांगर.

या नांगरापाशी मला जरा थांबायचं आहे, कारण सगळा मुद्दा तिथेच आहे.

आपल्याकडचा लाकडी नांगर जमीन उकरायचा, पण खालची माती वर आणून उलथी करणं त्याला फारसं जमायचं नाही. काळ्या रानात हराळी एकदा माजली की तिच्या मुळ्या खोल जातात. ती काढायची म्हणजे माणसांनी कुदळ घेऊन खणत बसायचं. लोखंडी नांगर खोल जायचा, ढेकूळ उलथून टाकायचा, मुळ्या उन्हात पडून वाळायच्या. म्हणजे वस्तू खरोखर उपयोगाची होती. विलायती लोखंडी नांगर तेव्हा मिळत होते, पण ते परदेशातून येणार, आणि फाळ झिजला की नवा फाळही तिकडूनच यायचा. इथल्या इथे नांगर आणि त्याचे सुटे भाग तयार होणं ही मोठीच सोय होती.

आणि शेतकरी काय म्हणाला? नको म्हणाला!

लोखंडाने जमिनीत विष कालवलं जातं, पीक जळतं, अशी समजूत होती. पहिले नांगर खपायला दोनेक वर्षं लागली असं सांगतात. आज आपण या समजुतीला हसतो. पण त्या शेतकऱ्याच्या जागी बसून बघा. पावसाच्या भरवशावरची जमीन, डोक्यावर सावकाराचं कर्ज, आणि एका सायकलवाल्याने केलेलं अवजार. एक हंगाम फसला तर घर बसलं. असा माणूस नवी वस्तू घेताना दहा वेळा विचार करणारच. त्याचं कारण चूक होतं, पण त्याची सावधगिरी चूक नव्हती.

लक्ष्मणरावांपुढे मग एकच रस्ता होता. नांगर चांगला करायचा, त्याचं काम लोकांच्या डोळ्यांपुढे दाखवायचं आणि वाट बघायची. कुणावर सक्ती करता येत नव्हती. मला वाटतं, किर्लोस्करांच्या नांगराने शेतीची सेवा केली ती यामुळेच. शेतकऱ्याला नको म्हणायची मोकळीक होती आणि ती असतानाही त्याने शेवटी हो म्हटलं.

पुढे बेळगावच्या नगरपालिकेने नव्या वस्तीसाठी कारखान्याची जागा सोडायला सांगितली. तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. संस्थानात जागा दिली, कर्ज दिलं आणि १९१० साली कुंडल रोडजवळच्या त्या माळावर कारखाना उभा राहिला. निवडुंग तोडून, साप मारून लोकांनी राहायला सुरुवात केली. शिकलेले इंजिनियर फारसे नव्हतेच. घरची माणसं, नात्यातली, ओळखीपाळखीची, शाळा अर्धवट सोडलेली, जी हाताशी होती त्यांना घेऊन लक्ष्मणरावांनी कारखाना चालवला. तुरुंगातून शिक्षा भोगून आलेल्या माणसांना त्यांनी रात्रीच्या पहाऱ्यावर ठेवलं, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती. अस्पृश्यता त्यांना मान्य नव्हती आणि वाडीत ती पाळली जाऊ नये असा त्यांचा आग्रह होता. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेनासं झालं, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा वितळवायला दिल्या. तोफेचे नांगर झाले! शाळेच्या धड्यात शोभावी अशी ही गोष्ट आहे.

आणि मासिकं! १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केलं ते कारखान्याच्या मालाची माहिती द्यायला. त्याचं पुढे 'किर्लोस्कर' झालं. १९३० मध्ये 'स्त्री' निघालं, १९३४ मध्ये 'मनोहर'. नांगर करणाऱ्या गावातून बायकांच्या शिक्षणावर, लग्नावर, अंधश्रद्धेवर लिहिलेलं घरोघर जाऊ लागलं. आमच्या आजीच्या ट्रंकेत पातळांच्या खाली 'स्त्री'चे जुने अंक होते. ती चौथीपर्यंतच शिकली होती, पण ते अंक तिने कुणाला रद्दीत घालू दिले नाहीत. घरातल्या मोठ्यांना ते आठवत असतील. आजीने नांगर कधी विकत घेतला नाही, पण वाडीचं काहीतरी तिच्यापर्यंत पोचलं होतं.

इथपर्यंत सगळं गोड आहे. बहुतेक लेख इथेच संपतात. पण पुढचंही लिहायला हवं.

३० जानेवारी १९४८ ला गांधीजींची हत्या झाली. मारेकरी ब्राह्मण निघाल्यामुळे पुढच्या काही दिवसांत दक्षिण महाराष्ट्रात ब्राह्मणांची घरंदारं जाळली गेली. त्यात किर्लोस्करवाडीच्या कारखान्यालाही आग लावली गेली. लक्ष्मणराव तेव्हा ७८ वर्षांचे होते. अडतीस वर्षं ज्या मुलखाला नांगर, उसाचे चरक, पंप आणि रोजगार दिला, त्याच मुलखात हे झालं.

त्या आगीचं समर्थन होऊ शकत नाही. एका माणसाच्या गुन्ह्यासाठी साऱ्या जातीला धरणं हा अन्यायच. कारखान्याने आजूबाजूच्या गावांचं काही वाकडं केलं होतं म्हणून ती लागली असंही मी म्हणणार नाही. जातीचा राग, जमिनीचा, सावकारीचा राग पिढ्यान्‌पिढ्या साचलेला होता. पण मला त्यातून एक गोष्ट दिसते. चांगलं काम केलं म्हणून कृतज्ञतेचा हिशेब मांडता येत नाही. कारखान्याला गिऱ्हाईक असतं, कामगार असतो आणि एक तिसरा माणूसही असतो. तो म्हणजे शेजारी. त्याने तुमचा माल घेतलेला नसतो, तुमच्याकडे नोकरी केलेली नसते. त्याने फक्त कंपाउंडच्या बाहेरून तुमचे दिवे बघितलेले असतात. त्याचा आणि तुमचा काही व्यवहारच झालेला नसतो.

किर्लोस्करांनी कारखाना परत उभा केला. वाडी सोडून गेले नाहीत. आजही तिथे पंप तयार होतात. मला याचं मोल तोफांच्या गोष्टीपेक्षा जास्त वाटतं.

शेजाऱ्याचा विषय निघालाच आहे तर आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती त्याच काळातली आणि आपल्याच मुलखातली आहे. फक्त ती उलट्या बाजूची आहे. तिच्यासाठी किर्लोस्करवाडीहून पुण्याच्या पश्चिमेला, मुळशीला जावं लागेल.

मुंबईच्या गिरण्या कोळशावर चालत. कोळसा लांबून यायचा, महाग पडायचा, वर धूर वेगळा. सह्याद्रीत पडणारा पाऊस अडवून, तो खाली कोकणात सोडून वीज करायची, ही टाटांची कल्पना खरंच मोठी होती. १९१५ मध्ये खोपोलीची वीज मुंबईला मिळू लागली. पुढचं धरण मुळशीला ठरलं. त्यात पन्नासच्या आसपास गावं आणि आंबेमोहोराची भातखाचरं जाणार होती.

मावळातला शेतकरीही नको म्हणाला. पण त्याच्या नको म्हणण्याला किंमत नव्हती. १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली सरकार कंपनीसाठी जमीन घेऊ शकत होतं. १९२१ च्या रामनवमीला सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट तिथेच 'सेनापती' झाले आणि तुरुंगात गेले. धरणविरोधाच्या जगातल्या अगदी सुरुवातीच्या लढ्यांत मुळशीचं नाव घेतात. त्यातही आणखी एक गुंता होता. जमीन कसणारी पुष्कळशी कुळं होती आणि जमीन सावकारांच्या नावावर. त्यामुळे भरपाईचा पैसा येणार तो कुणाकडे, हा प्रश्न होताच. १९२४ च्या सुमारास लढा थंडावला, धरण झालं आणि १९२७ मध्ये भिऱ्याचं वीजघर सुरू झालं.

आता सांगा, या विजेने समाजाची सेवा केली की नाही? केली. मुंबई त्यावर वाढली, लाखो लोकांना काम मिळालं. त्यांतले कितीतरी आपल्याच घाटावरचे आणि कोकणातले. टाटांचं देणं तर नामांकितच, बंगळूरची विज्ञान संस्था घ्या किंवा मुंबईचं कर्करोगाचं रुग्णालय घ्या. यातलं काहीही खोटं नाही. पण ज्याच्या खाचरावर पाणी चढलं, त्याने ही सेवा मागितली नव्हती आणि त्याला ती नाकारताही आली नव्हती. मुंबईचं भलं झालं, पण त्याची किंमत तिसऱ्याच माणसाने मोजली.

दोन गोष्टी शेजारी ठेवल्या आहेत, त्या किर्लोस्कर चांगले आणि टाटा वाईट असं म्हणायला नव्हे. नांगराला माळरान पुरलं, धरणाला दरी लागते. लक्ष्मणरावांना तशी दरी हवी असती तर ते कसे वागले असते, कोण जाणे. आणि वीज नको होती असंही कुणाला म्हणता येणार नाही. मी हे लिहितोय तेसुद्धा विजेवरच. फरक मालकांच्या मनात कमी आणि समोरच्या माणसाच्या हातात जास्त होता. कुंडलच्या शेतकऱ्याला नांगर नाकारता येत होता, म्हणून कारखान्याला त्याच्याकडे जावं लागलं, त्याचं ऐकावं लागलं. मुळशीच्या शेतकऱ्याला धरण नाकारता येत नव्हतं, म्हणून त्याचं ऐकायची गरजच उरली नाही.

१८९४ चा तो कायदा पुढे जवळजवळ १२० वर्षं टिकला. त्याच्या जागी नवा कायदा झाला तो २०१३ मध्ये, आणि त्यात खासगी कंपनीसाठी जमीन घेताना ८० टक्के बाधित कुटुंबांची संमती लागेल असं आलं. गंमत बघा, २ टक्क्यांचं कलमही त्याच वर्षीच्या कायद्यातलं! देणगीच्या २ टक्क्यांबद्दल आपण भरपूर वाचतो. संमतीच्या ८० टक्क्यांबद्दल मात्र वार्षिक अहवालात फोटो नसतो. त्यातून सूट मिळावी म्हणून होणारी खटपट तेवढी अधूनमधून बातम्यांत येते.

माझ्यापुरतं मी आता ठरवलंय, की एखादा उद्योग समाजाच्या किती उपयोगाचा हे बघताना त्याने किती दिलं हे नंतर विचारायचं. आधी विचारायचं, की ज्यांच्या मधे तो उभा आहे त्यांच्यापैकी कुणाकुणाला त्याला नको म्हणता येतं? गिऱ्हाइकाला येतं का? कामगाराला येतं का? आणि कंपाउंडबाहेरच्या शेजाऱ्याला?

लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ ला गेले. १९६९ मध्ये जन्मशताब्दीला पोस्टाने त्यांच्यावर तिकीट काढलं. त्यांचं कौतुक झालं ते योग्यच झालं. पण मला त्यांच्याबरोबर तो पहिला, नाव माहीत नसलेला शेतकरीही आठवतो, ज्याने लोखंडी नांगराकडे बघून मान हलवली आणि घरचा रस्ता धरला.

आपल्या घरात कुणाला वाडीच्या जुन्या दिवसांचं किंवा मुळशीकडचं काही आठवत असेल तर जरूर कळवा. अशा गोष्टी लिहून ठेवल्या नाहीत तर जातात.