बंदुकीचा मालक आणि कागदाची साक्ष

गृहस्थाच्या घरांतील बहुतेक वस्तु त्याच्याबरोबरच जुन्या होतात. कपडे विरतात, भांडीं झिजतात, घड्याळें बंद पडतात. बंदुकीची गोष्ट निराळी आहे. वेळच्या वेळीं साफसफाई आणि तेल मिळत गेलें, तर आजोबांनीं विकत घेतलेली बंदूक नातवाच्या हातांतहि तितक्याच नेमकेपणानें उडते. एका बंदुकीचे चार-पांच मालक व्हावेत, यांत त्यामुळें नवल कांहींच नाहीं. पहिला मालक ती दुकानांतून घेतो आणि दुकानदाराच्या वहींत त्याचें नांव चढतें. पुढचे व्यवहार मात्र ओटीवर, चहाच्या पेल्याबरोबर, ओळखीच्या माणसांत होतात. विकणारा सज्जन असतो, घेणाराहि बहुधा सज्जनच असतो; पण त्यानंतरचा तिसरा किंवा चौथा धनी कोण असेल, हें त्या दोघांपैकीं कोणालाच सांगतां येत नाहीं. अशा विक्रीची नोंद कोणीं ठेवावी आणि किती ठेवावी, हा प्रश्न कायदा करणारांपुढें दीडशें वर्षांहून अधिक काळ उभा आहे.

हिंदुस्थानांत या प्रश्नाचें एक उत्तर १८७८ च्या शस्त्रकायद्यांत आढळतें. हा कायदा लॉर्ड लिटनच्या कारकीर्दींतला. देशी भाषांतील वृत्तपत्रांना वेसण घालणारा कायदाहि त्याच वर्षींचा. प्रजेच्या हातचें शस्त्र काढून घेणारा म्हणून शस्त्रकायदा कुप्रसिद्ध झाला, आणि तें योग्यच होतें. तथापि त्याच्या पांचव्या कलमांत एक व्यवहारी तरतूद होती. शस्त्रांचा व्यापार करणाराला परवाना लागे. पण स्वतःच्या उपयोगासाठीं कायदेशीरपणें बाळगलेलें शस्त्र विकणाऱ्या खासगी माणसाला निराळा परवाना लागत नसे. त्यानें एवढेंच करावयाचें, कीं विक्री होतांच विनाकारण विलंब न लावतां जिल्ह्याच्या मॅजिस्ट्रेटला किंवा जवळच्या पोलीस ठाण्याच्या अंमलदाराला त्या विक्रीची वर्दी द्यावयाची आणि खरेदीदाराचें नांव व पत्ता कळवावयाचा.

तरतूद साधी होती, पण तिच्यांत दोन मोठीं छिद्रें होतीं. पहिलें हें, कीं वर्दी विक्रीनंतर द्यावयाची होती. चोर घोडा घेऊन गेल्यावर तबेल्याला कुलूप लावावें, तसाच हा प्रकार. घेणारा लायक आहे कीं नाहीं याची चौकशी करण्यास अधिकाऱ्याला आधीं अवसरच मिळत नसे. दुसरें छिद्र अधिक लाजिरवाणें होतें. कायद्याच्या सत्ताविसाव्या कलमान्वयें ज्यांना सूट मिळालेली असे, अशांना शस्त्र विकल्यास वर्दी देण्याचीहि गरज नव्हती. ही सूट मुख्यतः युरोपीय लोकांना आणि सरकारच्या मर्जींतील कांहीं बड्या मंडळींना होती. खेड्यांतल्या शेतकऱ्यानें रानडुकरांसाठीं ठेवलेली जुनाट ठासणीची बंदूक दफ्तरांत नोंदली जाई आणि साहेबाचें नवें कोरें पिस्तूल नोंदीवांचून हातोहात फिरूं शके. नोंदवही ही धोका मोजण्याचें साधन न राहतां माणसाचा वर्ण मोजण्याचें साधन बनली होती. राष्ट्रीय सभेनें आपल्या प्रारंभींच्या अधिवेशनांपासूनच या पक्षपाताविरुद्ध तक्रार चालविली होती. वर्णावर आधारलेली ही सूट नाहींशी होण्यास पहिलें महायुद्ध संपावें लागलें.

याखेरीज संस्थानांचा प्रश्न होताच. ब्रिटिश मुलखाचा कायदा संस्थानाच्या हद्दीपाशीं थांबे. हद्दीच्या अलीकडे एक दफ्तर आणि पलीकडे दुसरें, आणि दोहोंचा मेळ घालणारें कोणी नाहीं, अशी स्थिति अखेरपर्यंत राहिली. तिचें अत्यंत दुःखद उदाहरण ३० जानेवारी १९४८ रोजीं दिल्लीच्या बिर्ला भवनांत दिसलें. नथुराम गोडसे यानें महात्मा गांधींवर ज्या पिस्तुलानें तीन गोळ्या झाडल्या, तें इटलीच्या बेरेट्टा कारखान्याचें होतें आणि त्यावर ६०६८२४ हा क्रमांक कोरलेला होता. हत्येच्या अवघे दोन दिवस आधीं तें ग्वाल्हेरींत मिळविण्यांत आलें, असें चौकशींत आढळून आलें. परंतु इटलींतून निघालेलें हें शस्त्र कोणकोणत्या हातांतून ग्वाल्हेरीस पोंचलें, हें सांगणारी कागदांची अखंड सांखळी कोणालाहि मांडतां आली नाहीं. पोलादावर क्रमांक स्वच्छ होता. त्या क्रमांकासमोर लिहिलेलीं नांवें मात्र कोठें नव्हतीं.

याच्या अगदीं उलट उदाहरण पंधरा वर्षांनंतर अमेरिकेंत घडलें. २२ नोव्हेंबर १९६३ रोजीं डॅलस शहरांत अध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली. एका इमारतीच्या सहाव्या मजल्यावर सांपडलेल्या रायफलीवर सी २७६६ हा क्रमांक होता. इटालियन बनावटीची ही रायफल न्यूयॉर्कच्या एका आयात करणाऱ्या व्यापाऱ्यानें शिकागोच्या क्लाइन्स या दुकानाला विकली होती, हें त्याच संध्याकाळीं उघड झालें. मग दुकानाचे अधिकारी रात्रीं दहा वाजतां आपलीं दफ्तरें उघडून बसले आणि पहांटे चार वाजतां त्यांना हवी ती नोंद सांपडली. २० मार्च १९६३ रोजीं ती रायफल ‘ए. हायडेल’ या नांवानें डॅलसच्या टपाल-पेटी क्रमांक २९१५ कडे रवाना झाली होती. नांव खोटें होतें. पण पेटी ली हार्वे ऑस्वाल्डची होती आणि मागणीपत्रावरील हस्ताक्षरहि त्याचेंच निघालें. दुर्बिणीसह रायफलीची किंमत होती १९ डॉलर ९५ सेंट. सहा तासांच्या कागदी शोधानें जें साधलें, तें पुष्कळदां सहा महिन्यांच्या तपासानेंहि साधत नाहीं.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. या नोंदीनें गुन्हा टळला नाहीं. गुन्हेगाराचा माग तेवढा लागला. टपालानें शस्त्र मागविणारा कोण आहे, हें कोणीं पाहिलेंच नव्हतें. नोंद आणि खबरदारी या दोन निराळ्या गोष्टी आहेत. नोंद मागें पाहते, खबरदारी पुढें पाहते. एकीनें दुसरीचें काम होत नाहीं.

५ जून १९६८ रोजीं लॉस एंजेलिस येथें केनेडींचे धाकटे बंधु रॉबर्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि दुसऱ्या दिवशीं त्यांचा अंत झाला. त्या रिव्हॉल्व्हरची हकीकत तर प्रत्येक शस्त्रधारी गृहस्थानें वाचावी अशी आहे. १९६५ च्या ऑगस्टमध्यें लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागांत मोठा दंगा झाला. त्या भीतीपोटीं एका वृद्ध गृहस्थानें घराच्या संरक्षणासाठीं तें विकत घेतलें. पुढें त्यानें तें आपल्या मुलीला दिलें. तिच्या घरांत लहान मुलें. शस्त्र घरीं नको म्हणून तिनें तें शेजारच्या एका तरुणाला देऊन टाकलें. त्या तरुणानें तें विकलें, आणि घेणारा होता मारेकरी सिरहान याचा भाऊ. यांतील पहिल्या तीन माणसांच्या मनांत पापाचा लवलेशहि नव्हता. उलट त्या मातेनें तर सावधगिरी म्हणूनच शस्त्र घराबाहेर काढलें होतें. कॅलिफोर्निया राज्याच्या दफ्तरांत पहिल्या खरेदीची नोंद होती, म्हणून पोलीस पहिल्या घरापर्यंत तत्काळ पोंचले. पुढचे तीन दुवे मात्र कागदावर नव्हते; ते जिवंत माणसांच्या आठवणींतून जुळवावे लागले. तीं माणसें गांव सोडून गेलीं असतीं किंवा निवर्तलीं असतीं, तर माग तेथेंच तुटला असता.

त्याच वर्षीं २२ ऑक्टोबर रोजीं अध्यक्ष जॉन्सन यांनीं नव्या बंदूक-नियंत्रण कायद्यावर सही केली. टपालानें परप्रांतांतून बंदूक मागविणें सामान्य माणसाला बंद झालें. प्रत्येक नव्या बंदुकीवर क्रमांक कोरणें आणि परवानाधारक दुकानदारानें प्रत्येक गिऱ्हाइकाची नोंद ठेवणें सक्तीचें झालें. मात्र एकाच राज्यांत राहणाऱ्या दोन खासगी माणसांतील व्यवहार त्या नोंदींतून बाहेरच राहिला. ज्याला शस्त्र बाळगण्याची मनाई आहे अशाला जाणूनबुजून तें विकणें हा खासगी माणसासाठींहि पुढें गुन्हा ठरला. पण विचारपूस करण्याचें बंधन विकणारावर आलें नाहीं. पुढें १९८६ च्या कायद्यानें बंदूकमालकांची मध्यवर्ती नोंदवही बनविण्यास सरकारला मनाई केली. अशी वही हातीं आली कीं उद्यां जप्तीचा हुकूम निघेल, ही भीति त्यामागें होती. हिंदुस्थानचा १८७८ नंतरचा अनुभव ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ही भीति अगदींच पोकळ वाटणार नाहीं. परंतु तिची किंमतहि मोजावी लागली. १९९९ च्या एप्रिलमध्यें कोलंबाइनच्या शाळेंत दोन विद्यार्थ्यांनीं हत्याकांड केलें, त्यांतील तीन बंदुका एका मैत्रिणीनें शस्त्रांच्या जत्रेंत खासगी विक्रेत्यांकडून, कोणतीहि तपासणी न होतां घेतल्या होत्या. कॅलिफोर्नियानें १९९१ पासूनच वेगळी वाट धरली आहे: खासगी विक्रीहि परवानाधारक दुकानदाराच्या मार्फत, तपासणी होऊनच करावयाची.

स्वतंत्र भारतानें १९५९ सालीं नवा शस्त्रकायदा केला व तो १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलांत आला. जुन्या पांचव्या कलमांतील उणीव १९८३ च्या दुरुस्तीनें भरून काढली. आतां खासगी मालकानें जिल्हा मॅजिस्ट्रेटला किंवा जवळच्या ठाण्याला विक्रीपूर्वीं लेखी कळवावयाचें, घेणाराचें नांव-पत्ता द्यावयाचा, आणि त्यानंतर किमान ४५ दिवस थांबावयाचें. १८७८ ची वर्दी व्यवहार झाल्यावर जाई. आजची आधीं जाते. या एका बदलानें नोंदींत खबरदारी मिसळली. पुढें देशांतील परवानाधारकांची एकत्र नोंद ठेवण्याची व्यवस्था झाली, आणि २०१९ च्या दुरुस्तीनें एका माणसानें बाळगावयाच्या शस्त्रांची मर्यादा तिनावरून दोनावर आणली.

तरीहि कायद्याचें कलम घराच्या उंबरठ्यापर्यंतच येऊं शकतें. आंत काम गृहस्थालाच करावें लागतें. घेणाराचा परवाना चालू आहे ना आणि त्यांत त्याच जातीचें शस्त्र लिहिलेलें आहे ना, हें स्वतःच्या डोळ्यांनीं पाहावें. बंदुकीवरचा क्रमांक कागदावरच्या क्रमांकाशीं अंक-अंक ताडून पाहावा. काडतुसें मोजून द्यावीं, दोघांच्या सहीची पावती करावी, आणि आपल्या परवान्यावरील नोंद कमी होईपर्यंत ती जपून ठेवावी. वडील वारले आणि त्यांची बंदूक कपाटांत राहिली, असें अनेक घरांतून घडतें. ज्याच्या नांवें परवाना नाहीं त्यानें ती विलंब न करतां ठाण्यांत किंवा परवानाधारक व्यापाऱ्याकडे जमा करावी, असें कायदा सांगतो. ती कपाटांतच ठेवणें किंवा ओळखीच्या माणसाला देऊन मोकळें होणें, हे दोन्ही मार्ग सोपे खरे; पण शेजारच्या तरुणाला रिव्हॉल्व्हर देणाऱ्या त्या मातेलाहि आपला मार्ग असाच सोपा आणि निर्धोक वाटला होता.