परांचीची तपासणी: दिल्लीतील बांधकाम मजूर आणि सुरक्षेचा कायदा

इमारत पूर्ण झाली की परांची उतरवली जाते. म्हणून वास्तूंच्या इतिहासात तिचा उल्लेख क्वचितच आढळतो. दिल्लीचे मजूर जिला 'पाड' म्हणतात, त्या परांचीचा इतिहास न्यायालयाच्या निकालांत आणि कायद्याच्या कलमांत शोधावा लागतो. या पाठात आपण एकच प्रश्न घेणार आहोत: परांची सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी कोणाची, हे कसे ठरत गेले?

तपासणी म्हणजे काय?

तपासणी खालून सुरू होते. पायाखालची जमीन खचलेली नाही ना, उभे नळ ओळंब्यात आहेत ना, तिरपे आधार आणि भिंतीशी केलेली बांधणी घट्ट आहे ना, फळ्या सलग आहेत ना, कडेला कठडा आहे ना, हे क्रमाने पाहतात. वापरापूर्वी एकदा पाहून भागत नाही. परांचीत बदल केल्यावर, वादळ-पाऊस झाल्यावर आणि काम बराच काळ बंद राहिल्यावर ती पुन्हा तपासावी लागते. दिल्ली परिसरात उन्हाळ्यात धुळीची वादळे येतात आणि हिवाळ्यात प्रदूषणामुळे बांधकामे थांबवली जातात. त्यामुळे येथे फेरतपासणीला विशेष महत्त्व आहे.

1982: जबाबदारी कोणाची?

नोव्हेंबर 1982 मधील आशियाई क्रीडा स्पर्धांसाठी दिल्लीत उड्डाणपूल आणि क्रीडासंकुले उभी राहिली. त्यासाठी परप्रांतांतून हजारो मजूर आले. ठेकेदार दर मजुरामागे रोज 9.25 रुपये जमादाराकडे देत. जमादार एक रुपया कापून 8.25 रुपये मजुराच्या हाती ठेवी. 'पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स' या संघटनेच्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयात खटला चालला. 18 सप्टेंबर 1982 रोजी न्या. पी. एन. भगवती यांनी निकाल दिला. किमान वेतनापेक्षा कमी मजुरी ही सक्तीची मजुरी ठरवली गेली. बांधकाम हा धोक्याचा उद्योग असल्याने त्यात 14 वर्षांखालील मुलांना लावता येणार नाही, असेही न्यायालयाने म्हटले.

आपल्या विषयासाठी निकालाचा आणखी एक भाग महत्त्वाचा आहे. मजूर ठेकेदाराचे असले, तरी काम करवून घेणारी शासकीय संस्था कामगार कायद्यांच्या पालनातून सुटत नाही, हे तत्त्व त्यात मांडले गेले. मजुरीला कात्री लावणारी ठेकेदार-जमादार ही साखळी अपघाताची जबाबदारीही पुसट करत असते, हे ध्यानात घ्या.

1996 ते 2010: कायदा आणि वास्तव

बांधकाम मजुरांच्या संघटनांनी पुढे स्वतंत्र केंद्रीय कायद्यासाठी मोहीम चालवली. 1996 मध्ये इमारत व इतर बांधकाम कामगार कायदा झाला. सुरक्षेचे नियम करण्याचा अधिकार देणाऱ्या कलम 40 मधील विषयांच्या यादीत पुरेशा आणि योग्य परांचीचा विषय पहिलाच आहे. 1998 च्या केंद्रीय नियमांनी परांची जबाबदार व्यक्तीच्या देखरेखीखालीच उभारावी, बदलावी आणि उतरवावी, असे बंधन घातले. दिल्लीचे स्वतःचे नियम 2002 मध्ये आले.

तरीही 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या वेळी तीच संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेली. न्यायालयाने नेमलेल्या समितीला मजुरी, निवास आणि सुरक्षितता या तिन्हींत उणिवा आढळल्या. 28 वर्षांत कायदा बदलला होता, पण कामाच्या जागेवरची स्थिती पुरेशी बदललेली नव्हती.

आज

1996 च्या कायद्याची जागा घेणारी व्यावसायिक सुरक्षा संहिता 2020 मध्ये संमत झाली आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. तिच्यानुसार 250 कामगारांच्या बांधकामावर सुरक्षा अधिकारी नेमावा लागतो. गंभीर धोका वाटल्यास कामगार मालकाला आणि निरीक्षकाला कळवू शकतो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा 1988 चा बांधकाम सुरक्षा करार (क्रमांक 167) याच्या पुढे जातो: धोका समोर दिसत असेल, तर कामावरून बाजूला होण्याचा हक्क तो कामगाराला देतो. भारताने हा करार स्वीकारलेला नाही.

लहान कामांवर सुरक्षा अधिकारी नसतो. तेथे परांची डळमळते हे सर्वांत आधी कळते ते तिच्यावर उभ्या असलेल्या मजुराला. पण खाली उतरला, तर त्याचा रोज बुडतो.

विचारार्थ प्रश्न: परांची असुरक्षित ठरवण्याचा अधिकार कोणाकडे असावा, आणि तो बजावणाऱ्याच्या मजुरीला संरक्षण कसे देता येईल?