निर्वात नळीतील मायक्रोफोनी : एका दोषाचा इतिहास

निर्वात नळीच्या विकासाचे जे विवेचन पाठ्यग्रंथांत आढळते, त्यात वर्धनाचा वृत्तान्त सविस्तर असतो. नळीच्या गोंगाटाची बोळवण मात्र बहुधा एखाद्या तळटीपेत झालेली असते. वर्धकाच्या पहिल्या नळीला टिचकी मारली असता ध्वनिक्षेपकातून कित्येकदा घंटेसारखा निनाद उमटतो. यालाच मायक्रोफोनी म्हणतात. हा केवळ कारागिरीतील उणेपणा होय, ही समजूत तपासून पाहण्याजोगी आहे.

1878 साली डेव्हिड ह्यूज याने सैल स्पर्शबिंदूंवर ध्वनी आदळला असता विद्युत्प्रवाह बदलतो हे दाखविले व त्या साधनास मायक्रोफोन म्हटले. नळीत असे स्पर्शबिंदू नसतात; पण ऋणाग्र, जाळी व धनाग्र यांच्यामध्ये अंतरे असतात. चाइल्ड (1911) व लँगम्यूर (1913) यांच्या नियमानुसार दोन समांतर पट्ट्यांमधील प्रवाह अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो. अंतर शेकडा 1 ने घटले, तर प्रवाह शेकडा सुमारे 2 ने वाढतो. त्रिअग्र नळीचे गणित अधिक गुंतागुंतीचे असले तरी तात्पर्य तेच. जाळीची तार थरथरली की संदेश नसतानाही धनाग्राचा प्रवाह थरथरणारच.

श्रोता कानाला श्रवणयंत्र लावून ऐकत असे तोवर हा उपद्रव सह्य होता. 1925 मध्ये राइस व केलॉग यांनी चलवेटोळ्याच्या ध्वनिक्षेपकाचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे नळ्या आणि ध्वनिक्षेपक एकाच पेटीत नांदू लागले. मग आवाजाने नळी हलावी, नळीने आवाज वाढवावा, आणि अखेर पेटीने आक्रोश मांडावा, असे दुष्टचक्र सुरू झाले. प्रारंभीचे उपाय सारे बाहेरचे होते. रबराने तोललेल्या बैठका आल्या, नळीच्या माथ्यावर शिशाच्या टोप्याही चढल्या! कोरड्या घटांवर चालणाऱ्या यूव्ही-199 नळीचा तंतू अवघ्या 60 मिलिअँपिअर प्रवाहाचा, म्हणून फारच बारीक. तिची या बाबतीत विशेष दुष्कीर्ती होती.

बेल टेलिफोन प्रयोगशाळेतील पेनिक याचा 1934 चा निबंध हा या इतिहासातील खरा टप्पा होय. नळ्यांना नियंत्रित व पुनःपुन्हा तसाच देता येईल असा हादरा देऊन त्याने गोंगाट मोजला. टिचकीच्या जागी मापन आल्यामुळे अभ्रकाच्या चकत्या किती घट्ट, जाळीचे खांब किती ताठ, ही तुलना शक्य झाली. 1950 नंतरच्या दशकात मुलार्डच्या ध्वनिवर्धकांत पहिल्या स्थानी बसणारी ईएफ86 ही पंचाग्र नळी याच विचाराचे फळ होती.

तथापि दोष नाहीसा झाला नाही, आणि होणारही नव्हता. जाळी ऋणाग्राच्या जितकी निकट, तितके तिचे प्रवाहावरील नियंत्रण प्रबळ. आणि तितकाच तिचा अल्पसा कंपही महाग. वर्धन व मायक्रोफोनी ही एकाच रचनेची अपत्ये आहेत. कारागिरीला येथे दोष देता येतो तो कंपापुरता, संवेदनक्षमतेबद्दल नव्हे. गिटारच्या एकपेटी वर्धकांत आजही नळ्या ध्वनिक्षेपकाच्या शेजारीच बसतात, आणि त्या निवडताना पेन्सिलीने टिचकी मारून पाहण्याचा जुना प्रघात अद्याप चालू आहे.