प्रेक्षागृह आणि मैदान

ठाणे पश्चिमेच्या जुन्या वस्तीत दादोजी कोंडदेव क्रीडा प्रेक्षागृह उभे आहे. नगरवासी त्याला नुसते 'स्टेडियम' म्हणतात. औपचारिक नावातील 'प्रेक्षागृह' हा शब्द मात्र विचार करावयास लावतो. प्रेक्षागृह पाहणाऱ्यांचे आणि मैदान खेळणाऱ्यांचे. एकाच वास्तूवर दोघांचाही हक्क असेल, तर पहिला मान कोणाचा? ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीच्या क्रीडांगणांची गेल्या चार दशकांची कहाणी या प्रश्नाभोवती फिरते.

ठाण्याची नगरपालिका १८६३ सालची. १ ऑक्टोबर १९८२ रोजी तिची महानगरपालिका झाली आणि त्याच वर्षी हे क्रीडागार उभे राहिले. तो काळही तसाच होता. त्या नोव्हेंबरात दिल्लीत आशियाई क्रीडास्पर्धा भरल्या आणि त्यांच्यासाठी राजधानीत भव्य जवाहरलाल नेहरू स्टेडियम बांधले गेले. मुंबईच्या सावलीत वाढलेल्या ठाण्याने आपल्या बळावर आपले क्रीडागार उभारावे, ही गोष्ट लहान नव्हती. शहाजीराजांच्या पुणे जहागिरीचा कारभार पाहणाऱ्या दादोजींचे नाव त्याला देण्यात आले. पुढच्याच वर्षी, १ ऑक्टोबर १९८३ रोजी, कल्याण-डोंबिवली परिसरालाही महानगरपालिका मिळाली.

शहरे मात्र मैदानांपेक्षा वेगाने वाढली. २०११ च्या जनगणनेत ठाणे महापालिका क्षेत्राची लोकसंख्या १८ लाखांवर आणि कल्याण-डोंबिवलीची १२ लाखांवर गेली होती. एकाच हिरवळीवर क्रिकेटलाही खेळायचे आणि फुटबॉललाही. क्रिकेटची खेळपट्टी पाणी आणि रोलर यांनी निगुतीने जोपासावी लागते. फुटबॉलच्या बुटांखाली गवत उखडते. त्यातच पावसाळ्याचे चार महिने मैदान चिखलात जाते. त्यामुळे एका खेळाची सोय ही दुसऱ्याची गैरसोय ठरते. येथे दोष कोणा खेळाडूचा नाही. दोष जागेच्या टंचाईचा आहे.

मैदान नसले म्हणून खेळाडू घडावयाचे थांबतात असे मात्र नाही; ते अधिक कष्टाने घडतात. अजिंक्य रहाणे सात वर्षांचा असताना वडिलांनी त्याला डोंबिवलीतीलच एका लहानशा शिबिरात नेले. तेथे मॅटिंगची खेळपट्टी होती. महागडे प्रशिक्षण घराला परवडणारे नव्हते. डिसेंबर २०२० मध्ये याच मुलाने कर्णधार म्हणून मेलबर्नच्या विशाल मैदानावर ११२ धावांची खेळी केली. कल्याणचा तुषार देशपांडे २००७ साली निवडीसाठी थेट दादरच्या शिवाजी पार्क जिमखान्यात गेला. फलंदाजांची रांग लांब होती, गोलंदाजांची आखूड. म्हणून तो आखूड रांगेत उभा राहिला आणि गोलंदाज झाला. जुलै २०२४ मध्ये तो हरारे येथे भारताकडून खेळला. कल्याण ते दादर हे अंतर सुमारे ४५ किलोमीटरांचे. हा प्रवास ज्यांना झेपला नाही, अशी किती मुले मधल्या स्थानकांवरच राहिली असतील!

तरीही या वास्तूंचे मोल कमी लेखता येणार नाही. २०२० च्या साथीत डोंबिवलीच्या सावळाराम महाराज क्रीडा संकुलातील बंदिस्त क्रीडागृहात रुग्णांच्या खाटा मांडल्या गेल्या. जेथे टाळ्या वाजायच्या, तेथे श्वास मोजले गेले. सर्वांच्या पैशांतून उभी राहिलेली जागा संकटकाळी सर्वांच्या उपयोगी पडते, याहून तिच्या सार्थकतेचा दुसरा पुरावा कोणता? पुढे २०२२ मध्ये आयपीएलचे सामने मुंबई परिसरात भरले, तेव्हा ठाण्याच्या मैदानाचाही सरावासाठी उपयोग झाला. नामांकित पाहुणे गावच्या मैदानावर आले, याचा अभिमान ठाणेकरांना वाटणे स्वाभाविकच होते.

परंतु पाहुणे निघून जातात. मैदान गावातच राहते. त्याच्या भिंतीपलीकडे चेंडू घेऊन उभ्या असलेल्या दहा वर्षांच्या मुलाला संध्याकाळी आत प्रवेश मिळतो की नाही, यावरच अशा वास्तूचे यश जोखले पाहिजे. हा निकष महापालिकेच्या क्रीडागाराला लागू आहे, तसाच आपापल्या शाळांच्या आणि वसाहतींच्या कुलूपबंद अंगणांनाही. प्रेक्षागृह बांधावयास निधी लागतो. मैदान खुले ठेवावयास केवळ मन लागते. १९८२ साली ठाण्याने पहिले साधले. दुसरे अजून आपणा सर्वांच्या हाती आहे.