आबांची नोकरी आणि मोहाची भट्टी

परवा आपल्यात आजोबांच्या नोकऱ्यांचा विषय निघाला. कुणाचे आजोबा रेल्वेत, कुणाचे मँगनीजच्या खाणीवर, कुणाचे मास्तर. मी गप्प बसलो. माझे आबा दारूच्या ठेक्यावर मुनीम होते. लग्नाच्या बोलणीत आमच्याकडे 'कंत्राटदाराकडे हिशेब बघायचे' एवढंच सांगत. आज मोकळेपणाने लिहितो, कारण त्यात आपल्या बालाघाटचा इतिहास आहे.

मार्च-एप्रिलात बैहरकडे गेलात तर मोहाखालची जमीन साफ करून ठेवलेली दिसते. फुलं पहाटे गळतात. गोंड-बैगांच्या बायका-पोरं ती टोपल्यांत वेचतात, अंगणात वाळवतात, खातात, बाजारात विकतात. दारूसाठी वाळली फुलं काही दिवस पाण्यात भिजत घालायची. सडवा आंबला की मडकं चुलीवर चढवायचं आणि वाफ थंड करून थेंब थेंब धरायची. गोंडाघरी लग्न असो, मरण असो की देवाची पूजा, मोहाशिवाय पुरी होत नाही.

आपला जिल्हा १८६७ साली झाला, तेव्हाच्या मध्य प्रांतात, नागपूर विभागात. सरकारला दारूतून महसूल हवा होता. आधी भट्टीचा ठेका असे. ठेकेदाराने ठरलेली रक्कम भरायची आणि हवी तेवढी गाळायची. पुढे सरकारी देखरेखीच्या डिस्टिलरीत गाळून, गॅलनमागे कर घेऊन दारू दुकानांत धाडायची पद्धत आली. १९१५ चा आबकारी कायदा झाला. १९५६ साली नागपूर आपल्यापासून तुटलं, पण तो कायदा मध्य प्रदेशात आजही चालू आहे. आदिवासींना घरापुरती गाळायची सवलत राहिली. विकली की गुन्हा. म्हणजे जिला आजीकडून ही विद्या मिळाली ती गुन्हेगार, आणि लिलावात बोली लावणारा व्यापारी.

आबांना कामाची शिकवण कसली मिळाली? पहिल्या दिवशी मालकाने माप आणि वही दिली. तिसऱ्या दिवशी पाणी किती घालायचं ते दाखवलं. बाजारच्या दिवशी सकाळी मोहफुलं विकलेला माणूस संध्याकाळी त्याच पैशाने दुकानात यायचा. एखादा म्हातारा गोंड थोडी दारू विस्तवावर शिंपडून बघे. भडका झाला नाही की काही न बोलता आबांकडे बघे. आबा म्हणायचे, "त्या बघण्याला माझ्या वहीत रकाना नव्हता."

आजीचं वेगळंच. त्या पगारावर आम्ही सगळे जेवलो, पण देवाचं फूल ती त्या पैशातून आणत नसे. शिवणकामाचे पैसे वेगळे ठेवायची. दारूने बुडालेली घरं तिने शेजारीच पाहिली होती. गडचिरोलीत लोकांनी, त्यातही बायकांनी, झगडून १९९३ साली दारूबंदी आणली, ती उगीच नाही.

आता पुढचं ऐका. २२ नोव्हेंबर २०२१ ला आपल्या शेजारच्या मंडल्यात तेव्हाचे मुख्यमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी मोहाची दारू 'हेरिटेज' म्हणून विकायची घोषणा केली. ती गाळायची आदिवासी बचत गटांनी. दिंडोरीची 'मोहुलो' आणि अलीराजपूरची 'मोंड' अशा बाटल्या निघाल्या. गटातल्या लोकांना शिकायला पाठवलं ते पुण्याच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये!

मला आधी हसू आलं. ज्यांच्या पणजीला हे येत होतं, त्यांना शिकवणार कोण? मग विचार केला. आपण 'पहिल्या धारेची' म्हणून मिशीला पीळ देतो, पण शास्त्राप्रमाणे सुरुवातीचा थोडा भाग काढून टाकायचा असतो, कारण लवकर उकळणारी अपायकारक द्रव्यं त्यातच आधी उतरतात. दर वेळी सारखाच कडकपणा राखणं हेही शिकावंच लागतं. तेव्हा शिक्षणाला माझी ना नाही. बाटलीच्या किमतीतला किती पैसा फुलं वेचणारीच्या हातात पडतो, ते मात्र बघायला हवं. शंभर वर्षांचा हिशेब तिथेच चुकलाय.

आबांची वही माझ्याकडे नाही. ठेका सोडल्यावर त्यांनी ती चुलीत घातली. आजी म्हणाली, "बरं झालं, भडका तरी झाला."

तुमच्याही घरी अशी न सांगितलेली नोकरी असेल. लाजू नका, लिहा.