कुशनमागचं लाकूड

‘कुशन मेलंय, रबर बदलून द्या.’ बिलियर्ड्सच्या किंवा पूलच्या टेबलाच्या कामाला मला बोलावणं येतं ते बहुतेक वेळा या वाक्यानेच. माझे वडील पुण्यात एका क्लबात मार्कर होते. गुण मांडायचे, क्यूला टिप बसवायची, रोज टेबलाला ब्रश मारून इस्त्री करायची, हे त्यांचं काम. मी सुतारकाम शिकलो आणि त्या वाटेने टेबलांकडे वळलो. त्यामुळे कुशन मेलं असं कुणी म्हटलं की माझा हात आधी रबराकडे जात नाही, रबरामागच्या लाकडाकडे जातो. हा माझा हट्ट नाही. कुशनचा दोनशे वर्षांचा इतिहास पाहिला तर तोही हेच सांगतो.

बिलियर्ड्स आधी घराबाहेर, गवतावर खेळत. पंधराव्या शतकात फ्रान्समध्ये तो टेबलावर आला, तेव्हा टेबलाच्या कडेला नुसत्या लाकडी फळ्या ठोकलेल्या असत. त्यांचं काम एकच: बॉल खाली पडू द्यायचा नाही. पण खेळणारे लोक हुशार. कडेवर आपटून बॉल परत येतो, आणि नीट मारला तर हव्या त्या ठिकाणी येतो, हे त्यांच्या ध्यानात आलं. मग त्या कडांना गादी, म्हणजेच कुशन, लावायला सुरुवात झाली. कुणी लोकरीचा चुरा भरला, कुणी घोड्याचे केस. कुणी कापडाचे काठ कापून त्यांच्या पट्ट्या थरावर थर चढवल्या आणि वरून कापड ताणलं. अशा कुशनवरून बॉल परत येई, पण दमून येई. शिवाय भरलेला माल बसत गेला की एका जागी खोलगट, दुसऱ्या जागी टणक. तेव्हाच्या खेळाडूला आपल्या क्लबाच्या टेबलातल्या मेलेल्या जागा तोंडपाठ असाव्या लागत असणार.

हे सगळं बदललं ते लंडनमध्ये, जॉन थर्स्टनच्या कारखान्यात. थर्स्टन मुळात फर्निचरवाला. १७९९मध्ये त्याने धंदा सुरू केला आणि पुढे बिलियर्ड्सची टेबलंच करायला लागला. १८२६मध्ये त्याने लाकडी पृष्ठभागाऐवजी स्लेटची फरशी बसवली. लाकूड ऋतूप्रमाणे फुगतं, वाकतं. स्लेट वाकत नाही. पृष्ठभाग एकदा खरोखर सपाट झाला म्हटल्यावर कडांचा दोष उघडा पडला. १८३५मध्ये थर्स्टनने कुशनमध्ये रबर घातलं.

पण ते रबर कच्चं होतं, म्हणजे झाडाच्या चिकापासून केलेलं, पुढची काही प्रक्रिया न झालेलं. उन्हाळ्यात ते ठीक चाले. इंग्लंडचा हिवाळा आला की दगडासारखं होई. म्हणून खेळाच्या आधी कुशनला शेक द्यावा लागे. गरम पाणी भरलेली धातूची लांबट भांडी कुशनला लावून ठेवायची, रबर मऊ झालं की ती काढायची आणि खेळायला लागायचं. थोड्या वेळाने रबर पुन्हा थंड. मोठ्या घरातल्या नोकराला पाहुण्यांच्या चहाबरोबर कुशनच्या पाण्याचीही काळजी करावी लागत होती.

यावरचा उपाय गंधकात सापडला. अमेरिकेत चार्ल्स गुडइयरने आणि इंग्लंडमध्ये टॉमस हॅन्कॉकने रबरात गंधक मिसळून ते तापवायची रीत बसवली. त्याने रबराच्या रेणूंच्या लांब साखळ्या एकमेकींना जोडल्या जातात, आणि मग ते थंडीत दगड होत नाही, उन्हात चिकट होत नाही. हॅन्कॉकने पेटंटसाठी अर्ज केला १८४३मध्ये, गुडइयरला अमेरिकेत पेटंट मिळालं १८४४मध्ये. पुढच्याच वर्षी, १८४५मध्ये, थर्स्टनने असल्या पक्क्या रबराचं कुशन बाजारात आणलं आणि विंडसरच्या राजवाड्यात राणी व्हिक्टोरियाच्या टेबलालाही ते बसलं. मोटारगाड्यांच्या टायरला जे रबर लागलं, ते त्या टायरच्या कितीतरी आधी बिलियर्ड्सच्या टेबलावर येऊन बसलं होतं, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

थर्स्टनने पहिलं रबर लावलं त्याच १८३५ साली पॅरिसमध्ये एक पुस्तक निघालं. लेखक गॅस्पार-गुस्ताव्ह कोरिओलिस. वाऱ्यांच्या दिशेच्या संदर्भात शाळेत त्याचं नाव ऐकलेलं असतं. हे पुस्तक मात्र बिलियर्ड्सच्या गणिताचं. बॉलच्या व्यासाच्या सात दशांश उंचीवर आडवा ठोका दिला तर बॉल न घसरता पहिल्या क्षणापासून लोळत जातो, हे गणित त्या काळच्या अभ्यासातलं. कुशनचं नाकाड, म्हणजे रबराची पुढे आलेली धार, किती उंच हवी या प्रश्नाची गुरुकिल्ली इथेच आहे. कुशन म्हणजे परत येणाऱ्या बॉलला दिलेला ठोकाच.

प्रत्यक्षात सात दशांश उंची चालत नाही. एवढ्या वर धार असली की ती बॉलला स्लेटवर दाबते. वेग जातो, आणि कुशनलगतच्या कापडावर पट्टा पडतो. धार फार खाली असली की जोराचा बॉल उडी मारतो. म्हणून मधली जागा धरतात. पूलच्या आंतरराष्ट्रीय नियमात ही उंची व्यासाच्या साडेत्रेसष्ट टक्के सांगितली आहे, एखादा टक्का इकडे तिकडे. पूलचा बॉल ५७.१५ मिलिमीटरचा, म्हणजे धार स्लेटपासून साधारण ३६ मिलिमीटरवर. स्नूकरचा बॉल ५२.५ मिलिमीटरचा, त्याचं माप वेगळं, रबराचा आकारही वेगळा. पूलच्या टेबलांना बहुधा के-६६ नावाचं त्रिकोणी छेदाचं रबर लागतं, स्नूकरच्या टेबलांना इंग्रजी एल अक्षरासारखं. दुकानात दोन्ही काळीच दिसतात आणि अदलाबदल होते. मग टेबल जन्मात नीट खेळत नाही.

रबर आलं तरी कारागिरांना लवकरच कळलं की मऊ लाकडावर, ढिल्या बोल्टवर उत्तम रबरही कमी पडतं. बॉल आदळतो तेव्हा रबर दबतं आणि परत उसळतं. त्या वेळी मागची पट्टी थरथरली तर जोराचा वाटा ती खाऊन टाकते. म्हणूनच लंडनच्या बरोज अँड वॉट्सने आपल्या टेबलांच्या कुशनला पोलादाचा आधार दिला. अमेरिकेत मायकेल फेलान या खेळाडूने १८५०च्या दशकात कुशनची पेटंटं घेतली आणि कारखाना काढला. फेलानचं मला विशेष वाटतं. स्वतः उत्तम खेळणारा माणूस कुशन करायला बसला की त्याला कुठे काय हवं ते हाताला माहीत असतं.

आपल्याकडे ही टेबलं पलटणींबरोबर आणि क्लबांबरोबर आली. १८७५मध्ये जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये नेव्हिल चेंबरलेनने स्नूकर सुरू केला आणि उटीच्या क्लबात त्याचे नियम लिहून टांगले गेले, हे खेळणाऱ्यांना माहीत असतं. पण ज्यांनी ती टेबलं इथल्या हवेत चालती ठेवली, त्या सुतारांची आणि मार्करांची नोंद कुणी ठेवली नाही. त्यांच्यापुढचा प्रश्न विलायतेच्या उलट होता. तिथे थंडीने रबर आखडे, इथे उष्णतेने आणि हवेने ते वर्षानुवर्षं वाळत जातं. वरून कडक, भेगाळलेलं, नखाने खरवडलं तर भुकटी निघते. पावसाळ्यात हवा ओली झाली की कापड जड होतं आणि बॉल कुशनवरून वेगळ्याच कोनात निघतो. तीन कुशनच्या कॅरम बिलियर्ड्समध्ये आजही स्लेट खालून विजेने गरम ठेवतात, ते कापडातली ओल मारण्यासाठीच.

कुशन उघडतो तेव्हा मी आधी पट्टीवर बोटाने टकटक करत टोकापासून टोकापर्यंत जातो. आवाज सगळीकडे भरीव हवा. कुठे पोकळ ‘भद्द’ आला तर तिथे बोल्ट ढिला आहे किंवा रबर सुटलेलं आहे. मग पट्टी सोडवून उलटी ठेवायची, पिना काढायच्या, कापड धरून ठेवणारी बारीक लाकडी काडी खाचेतून अलगद उचलायची. ती मोडली तर नवी करावी लागते, आणि जाडी केसभर चुकली की कापड नीट बसत नाही. जुनं रबर सुरीने कापून काढलं की मागे सरसाचा पापुद्रा राहतो. तो पटाशीने काढावा. इथे घाईचा माणूस रंधा चालवतो. एका क्लबातलं टेबल मी उघडलं तेव्हा कळलं की आधीच्या कुणी प्रत्येक वेळी असाच रंधा मारत मारत लाकूड झिजवलं होतं आणि उतारही बदलला होता. नवंकोरं रबर लावूनही धार खालीच राहायची. तिथे मी सागाची पट्टी चिकटवून, उतार पुन्हा तासून, मगच रबर लावलं.

रबर लावताना ते ओढायचं नाही. ओढून चिकटवलेलं रबर पुढे आखडतं, टोकाला सुटतं आणि पॉकेटजवळच्या जागा मरतात. दोन्हीकडे चिकटद्रव्य लावून, वाळू देऊन, हाताने बसवत बसवत जायचं. ते बोट बोट पुढे सरकतं. कापड मात्र सारखं ताणायचं, कारण ढिलं कापड बॉलला धरून ठेवतं.

एवढी काळजी कशासाठी, असं एखाद्या क्लबाची कमिटी विचारते. त्यांना मी वॉल्टर लिंड्रमचं नाव सांगतो. १९३२मध्ये लंडनच्या थर्स्टन हॉलमध्ये या ऑस्ट्रेलियन बिलियर्ड्सपटूने ४१३७ गुणांचा ब्रेक केला, म्हणजे एकाच पाळीत सलग तेवढे गुण घेतले. कुशनलगत बॉल इंच इंच पुढे सरकवत कॅननवर कॅनन, म्हणजे एकाच ठोक्यात आपल्या बॉलने बाकीचे दोन्ही बॉल टिपणं, घेण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. त्याला आवर घालण्यासाठी, ठरावीक गुणांनंतर बॉल टेबलावरच्या आडव्या बाल्करेषेपलीकडे नेण्याची अट नियमात आणावी लागली. कुशन एका जागी जरी मेलेलं असतं तरी अशी माळ तिथेच तुटली असती. आणि आपल्या पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८मध्ये कलकत्त्यात बिलियर्ड्सचे हौशी जागतिक अजिंक्यवीर झाले, १९६४मध्ये न्यूझीलंडमध्ये पुन्हा झाले. बिलियर्ड्समध्ये तीनच बॉल. कुशनशिवाय त्यांना ठिकाणावर आणायला दुसरं काय आहे?

काम झालं की मी बॉल टेबलाच्या डोक्याकडच्या ठिपक्यावर ठेवतो आणि समोरच्या टोकाकडच्या ठिपक्यावरून जाईल असा सरळ, जोरात मारतो. पूलच्या टेबलावर तो टेबलाच्या लांबीच्या किमान चार पट फिरला पाहिजे, आणि उडता कामा नये. मग हाच ठोका चारी बाजूंना, प्रत्येक हातभर अंतरावर. एखाद्या जागी बॉल कमी आला तर तिथला बोल्ट पुन्हा आवळतो, आणि तेवढ्याने भागलं नाही तर तेवढी पट्टी पुन्हा उघडतो.